चार हजेऱ्या

प्रिय अप्पा,

सकाळचे पावणेसात झालेत. पलीकडच्या खोलीत सुधाताई उठल्या आहेत, त्यांच्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्हाला पत्र लिहितेय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही, मग आजच का, असं तुम्ही भुवई वर करून विचाराल. कारण नऊ वाजता मला सुधाताईंना घेऊन क्रांजीच्या युद्धस्मारकाला जायचंय. तिथे पोहोचेपर्यंत मला ठरवायचंय, की तुम्ही त्यांच्या आईला खोटं लिहिलंत हे त्यांना सांगायचं की नाही.

सुधाताई म्हणजे तुमच्या वसंतरावांची मुलगी. वसंतराव लढाईवर निघाले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. आता ऐंशी कधीच ओलांडली. मिरजेला मेट्रन म्हणून निवृत्त झाल्यात, पण पाठ अजून ताठ. इथे सिंगापूरला, माझ्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर उतरून चार दिवस झाले, तेवढ्यात त्यांनी घरातल्या सगळ्या पलंगांच्या चादरी कोपरे मोडून हॉस्पिटलसारख्या घातल्या. तुम्हाला त्या आवडल्या असत्या. तुम्ही त्यांना कधी भेटला का नाहीत, अप्पा? सातारा ते मिरज असं किती लांब होतं?

आज ज्येष्ठ वद्य षष्ठी. तुम्ही कळवलेल्या तारखेवरून त्यांच्या भटजींनी काढलेली तिथी. ऐंशी वर्षं त्या घरात या दिवशी श्राद्ध होत आलंय. घरात मुलगा नाही, पुढे करणारं कुणी नाही, म्हणून यंदा शेवटचं तिलोदक वडील गेले त्या मातीवर सोडायचं, असं म्हणून ती बाई तिळाची डबी पर्समध्ये घालून एकटी विमानात बसली.

आणि यात चूक माझी आहे. मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी तुमच्या छावणीबद्दल बोलले होते. रॅफल्स प्लेसच्या बँकेत दिवसभर प्रोजेक्टचे तक्ते भरणारी मी, सुट्टीच्या दिवशी इतिहास सांगत फिरते. बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, गोऱ्यांना एका बाजूला नेलं आणि आपल्यांना दुसऱ्या. मग आपल्यांतूनही अधिकारी वेगळे काढले, कारण साहेब नजरेआड झाला की शिपाई लवकर वळतो असा वळवणाऱ्यांचा अंदाज. नवी फौज उभी राहत होती. गेले त्यांचीही कारणं होती, राहिले त्यांचीही. राहिलेल्या अधिकाऱ्यांपैकी शंभरएक जणांना या पश्चिम बाजूच्या रबराच्या मळ्यात, तारेच्या कुंपणाआड ठेवलं. झापांच्या बराकी, भातात किडे, टॅपिओकाची लागवड. कॅप्टन-मेजर मंडळी पाळीपाळीने चूल फुंकायची आणि मीठ कुणी जास्त घातलं यावरून भांडायची. हे सगळं सांगताना हॉलमध्ये हशा पिकत होता.

आणि शेवटी मी सांगितलं, की माझे आजोबा तिथले डॉक्टर होते आणि त्यांच्या जिवलग मित्राने त्यांच्या हातात हात ठेवून प्राण सोडला. टाळ्या वाजल्या. त्या मला आवडल्या, अप्पा, खोटं कशाला बोलू? त्याचा व्हिडिओ फिरत फिरत मिरजेला पोहोचला. तिकडून फोन आला, "मी त्या मित्राची मुलगी." मी रडले आणि लगेच म्हटलं, या तुम्ही, मी सगळं दाखवते.

मग दिवाळीत नाना इथे आले. तुमचा धाकटा मुलगा, माझे वडील, आता स्वतःच पंचाहत्तरीचे. साताऱ्याचा दवाखाना रिकामा करताना तुमच्या जुन्या स्टेथोस्कोपच्या पेटीत, अस्तराखाली, त्यांना एक पत्र सापडलं होतं. वर फक्त 'इंदूवहिनींस' एवढंच, म्हणजे सुधाताईंच्या आईला. तिकीट नाही, पत्ता नाही. नानांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी मला लहानपणीची थप्पड आठवली.

आठवतं ना? दिवेलागणीला तुम्ही जिन्याच्या तोंडाशी उभे राहायचात आणि घरातली माणसं मोजायचात. नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं. पाहुणासुद्धा सुटायचा नाही. संख्या जुळल्याशिवाय पान वाढायचं नाही. आम्हाला त्याची गंमत वाटायची. आजी म्हणायची, "कॅम्पात होते ना, तिथलं अंगातून गेलेलं नाही." मी नऊ वर्षांची असताना पमीताई मैत्रिणीकडे अडकली होती. तिला बोलणी बसू नयेत म्हणून मी तिच्या आवाजात 'हजर' म्हटलं. तुम्ही जिना उतरून आलात आणि माझ्या तोंडात दिलीत. आयुष्यात एकदाच. मग चपला उलट्यासुलट्या घालून तिला शोधायला रस्त्यावर धावलात. ती समोरच्याच घरात लाडू खात होती. तिला बघून तुम्ही तिथेच पायरीवर बसलात. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही. एक साधी थाप मारली, त्याला एवढं काय?

आता कळलं एवढं काय ते.

नाना काल रात्रीच्या जेवणाआधी फोनवर मला म्हणाले, "मीनू, ती बाई तीर्थाला आल्यासारखी आलीय. तिला तिचं तीर्थ घेऊन जाऊ दे. उकरून कुणाचं भलं होणार आहे?" मी म्हटलं, "नाना, ती चुकीच्या दिवशी पाणी सोडतेय." त्यावर म्हणाले, "पाणी पोहोचायचं तिथे पोहोचतं." मग आवाज बारीक झाला. "दवाखान्यात अजून अप्पांच्या फोटोला लोक नमस्कार करतात गं." माझे वडील माझ्याकडे गयावया करत होते. असं ऐकायची सवय नाही मला.

माझी लेक इरा पंधरा वर्षांची आहे. तुमची पणती, मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत. ती टोस्ट खाता खाता म्हणाली, "जस्ट टेल हर लाह, आई. इट्स हर डॅड, नॉट युअर्स." तिचं म्हणणं खरं आहे. पण पंधराव्या वर्षी खरं बोलायला काय लागतं?

सुधाताईंनी तुमचं पोस्टात टाकलेलं पत्र सोबत आणलंय. लॅमिनेट करून, अप्पा. त्यांच्या आईने ते देवघरात ठेवलं होतं. 'वसंता माझ्याच वॉर्डात गेला. हिवतापाचा जोर होता, पण शेवटी शांत होता. त्याचा हात माझ्या हातात होता.' पहिल्याच दिवशी त्यांनी ते मला दिलं आणि म्हणाल्या, "आईने याच्यावर जन्म काढला." इंदूवहिनी तुम्हाला दर श्रावणात पोस्टाने राखी पाठवायच्या. तुम्ही ती कधी हातावर बांधली नाहीत, बिस्किटांच्या डब्यात टाकायचात. आम्हाला वाटायचं, डॉक्टरी हात म्हणून.

आणि सुधाताई मेट्रन आहेत, हे मी विसरले होते. परवा जेवताना विचारत होत्या, "ताप किती चढायचा गं? शेवटी शुद्धीवर होते का? अप्पा काही बोलले असतील ना तुझ्याशी." मी आमटी वाढत राहिले. काल त्यांनी स्मारकाच्या यादीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "यांचं नाव, ज्यांची जागा सापडली नाही त्यांच्या भिंतीवर आहे. वॉर्डात माणूस गेला की कुठे नेला, कुणी अग्नी दिला, याची नोंद होते. तुझे आजोबा स्वतः डॉक्टर. मग जागा कशी नाही?" मी म्हटलं, उद्या तिथे गेल्यावर बघू. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कागद घडी करून ठेवला.

दार उघडलं. त्या आंघोळ करून, पांढरी साडी नेसून बाहेर आल्यात. "मीनल, इतक्या सकाळी काय लिहितेस?" असं विचारताहेत. मी म्हटलं, ऑफिसचं.

बघा, तुमच्या घराण्याचा गुण.

*

दुपारचे साडेतीन. सुधाताई आत पडल्या आहेत. सांगते तुम्हाला सगळं.

टॅक्सीत आम्ही दोघी मागे बसलो होतो. तुमचं न टाकलेलं पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि मी पर्स पोटाशी धरली होती. त्या खिडकीतून बाहेर बघत विचारत होत्या, "छावणी यातच कुठे होती ना?" मी म्हटलं, हो, याच बाजूला. आता सगळे ब्लॉक, बसथांबे, फूड कोर्ट. पाटीसुद्धा नाही. वाटेत त्या एकदाच म्हणाल्या, "इतकं जवळ होतं तर." कशाच्या जवळ, ते मी विचारलं नाही.

क्रांजीला टेकडीवर चढताना त्यांनी माझा हात धरला नाही. भिंतींवर नावंच नावं. आम्ही स्तंभ शोधला, ओळ शोधली. वसंतरावांचं नाव त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, मान वर करावी लागत नाही. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं. पर्समधून तांब्याचं लहान भांडं काढलं, डबी काढली. पाण्याची बाटली माझ्याकडे होती.

हात पुढे करून म्हणाल्या, "पाणी दे."

मी बाटली दिली नाही. तुम्ही विचाराल, ठरवलं होतंस का? नाही. सकाळपासून काहीच ठरलं नव्हतं. पण त्या तिथे तीळ हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि माझा हात पुढे होईना. मी म्हटलं, "सुधाताई, आज तिथी नाही." आणि तुमचं पत्र काढलं.

त्या म्हणाल्या, "मोठ्याने वाच. माझा चष्मा ओला झालाय."

मी वाचलं. उभी राहून, तुमच्या शब्दांत. औषधं संपली होती आणि क्विनाइनसाठी वसंतराव कुंपणाखालून जायचे. बदल्यात द्यायला घड्याळ तुमचं होतं. जा म्हणून तुम्हीच म्हटलं होतंत. हजेरीला एक माणूस कमी भरला की अख्खी बराक उन्हात उभी करायचे, म्हणून तुमची युक्ती ठरलेली होती. पहारेकरी पुढची रांग मोजून वळला, की पुढच्या रांगेतल्या टोकाच्या माणसाने वाकून मागच्या रांगेच्या टोकाला जायचं आणि दुसऱ्यांदा मोजून घ्यायचं. तो टोकाचा माणूस तुम्ही. आधी दोनदा जमलं होतं. तिसऱ्यांदा ते संध्याकाळी आले नाहीत. तुम्ही धावलात. सकाळीही आले नाहीत. तुम्ही धावलात. त्या संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या सकाळी पुन्हा. चारही वेळा संख्या बरोबर भरली. पहारेकरी खूश होता. म्हणून त्यांना शोधायला कुणीच गेलं नाही.

त्या दुपारी रबराचा चीक काढणारा तमिळ मजूर तारेशी आला आणि सांगून गेला. जुन्या खाणीजवळच्या खड्ड्यात एक माणूस मरून पडलेला. पाय मोडलेला. कमरेचा पट्टा आणि दोन काठ्या घेऊन त्याने आपला पाय आपणच बांधला होता, नीट, तुम्ही बराकीत सगळ्यांना शिकवलं होतंत तसाच. शेजारी करवंटीत पावसाचं पाणी होतं. मजुराने त्याच्यावर तिथेच माती लोटली. तुम्ही दुसऱ्या दिवशी हिवतापाचं सर्टिफिकेट लिहून संख्येतून एक वजा केलात, आणि तीच तारीख मिरजेला गेली.

पुढची ओळ मला वाचवेना. सुधाताई म्हणाल्या, "वाच."

'वहिनी, पहिल्या हजेरीला मी वसंतासाठी धावलो. दुसऱ्या हजेरीपासून मी स्वतःसाठी धावत होतो. संख्या चुकली असती तर त्यांनी मळा पिंजून काढला असता. त्याला मारलं असतं, मलाही. पण तो सापडला असता. तो पाय बांधून वाट बघत होता.'

माळी खालच्या बाजूला गवत कापत होता, त्या मशिनचा आवाज तेवढा येत होता.

मग सुधाताईंनी विचारलं, "चार वेळा?"

"चार."

"आणि एकदाही कुणी म्हटलं नाही, की हा माणूस इथे नाही म्हणून?"

"नाही."

त्यांनी भिंतीजवळ जाऊन नावावर बोट ठेवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फिरवलं. मग वॉर्डात राउंडला बोलत असतील तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "गैरहजर."

मला रडू आवरेना. मी त्यांच्या पायाशी वाकले आणि म्हटलं, "सुधाताई, अप्पांच्या वतीने मी तुमची माफी मागते."

त्यांनी माझा दंड धरून मला वर उठवलं. चांगलाच घट्ट धरला होता, अजून दुखतोय. "थांब," म्हणाल्या, "त्यांच्या जागी तू उभी राहू नकोस. एवढं वाचलंस ना आत्ता? मग तेच काय करतेस?"

अप्पा, नऊ वर्षांची असताना खाल्लेली थप्पड मला तिथे पुन्हा बसली.

तीळ त्यांनी डबीत परत भरले. मी विचारलं, आता पाणी कधी सोडायचं? त्या बोटांवर मोजत होत्या. चतुर्थी असेल, पंचमी असेल, कोण सांगणार? शेवटी म्हणाल्या, "दिवस माहीत नसेल त्याचं अमावास्येला करतात. नऊ दिवस आहेत. तोवर मी मिरजेला पोहोचते."

बाटलीतलं पाणी आम्ही दोघींनी पिऊन टाकलं. ऊन फार होतं.

उतरताना मात्र त्यांनी माझा हात धरला. पायऱ्या संपता संपता एकदम विचारलं, "आईच्या राख्या त्यांनी काय केल्या?"

"डब्यात आहेत. सगळ्या. नानांकडे."

"बांधली नाही एकही?"

"नाही."

त्या आणखी दोन पायऱ्या उतरल्या. मग म्हणाल्या, "बरं केलं." रागाने म्हणाल्या की कशाने, मला ओळखता आलं नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी माझ्या पदरचं काही घालणार नाही.

घरी आल्यावर त्यांनी तुमचं पत्र मागून घेतलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, पासपोर्टपाशी ठेवलं. लॅमिनेट केलेलं माझ्यापुढे सरकवलं. "हे तुमच्या घरचं. मी काय करू याचं आता?" मग वरणभात जेवल्या, ताक मागितलं, आणि चादर नीट करून झोपल्या.

म्हणजे इंदूवहिनींना लिहिलेलं पत्र अखेर पोहोचलं, अप्पा. इतक्या वर्षांनी, तिकिटाशिवाय. ते टाकायला तुम्हाला उभा जन्म पुरला नाही. याचा मला राग आहे, आणि तो लगेच जाईल असं वाटत नाही. तुम्ही कुंपणाआड पंचविशीचे होतात, घाबरलेले होतात, हे मी समजू शकते. पण साताऱ्याला परत आल्यावर कसली भीती होती? सगळ्या घराची हजेरी घेतलीत आणि वसंतरावांचं नाव एकदाही घेतलं नाहीत.

नानांना मघाशी फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिने काही खाल्लं का?" मी हो म्हटलं. म्हणाले, "त्या राख्यांचा डबा मी मिरजेला नेऊन देईन. पोस्टाने नको." फोटोला कुणी नमस्कार करायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

आता माझं. मंडळात पुढच्या वेळी उभी राहीन तेव्हा मी चारही हजेऱ्या सांगेन, टाळ्या नाही मिळाल्या तरी चालेल. आणि जोवर इथे आहे तोवर दर ज्येष्ठातल्या अमावास्येला क्रांजीची ती टेकडी चढेन. भिंतीपुढे माझं मी उभी राहीन. तुमच्या वतीने आले, असं म्हणणार नाही. तुमचं नाव पुकारलं गेलं तर मी गप्प बसेन. तुम्ही आता आहात तिथे वसंतरावही असतील. जा त्यांच्यासमोर, आणि एकदा स्वतःच्या आवाजात 'हजर' म्हणा.

तुमची,
मीनू